जिथली ठेव, तिथे कर्ज

गावातल्या माणसाने गावातल्या पेढीत चार पैसे ठेवावेत आणि गावातल्याच दुसऱ्या माणसावर घर बांधण्याची वेळ आली म्हणजे त्याच पैशांतून त्याची नड भागावी, ही कल्पना इतकी साधी आहे की तिच्यासाठी कायदा करावा लागेल असे कोणाला वाटणार नाही. वसईत १९१८ साली कॅथॉलिक पतपेढी उभी राहिली ती याच कल्पनेवर. तिच्या दहा वर्षे आधी, १९०८ साली, अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यातील मँचेस्टर या गिरण्यांच्या शहरी असेच घडले होते. कॅनडातून आलेल्या फ्रेंचभाषक गिरणी-कामगारांना बँका दारात उभे करीत नसत. तेथील सेंट मेरी धर्मग्रामाचे प्रमुख धर्मगुरू मोन्सिनियर पिएर हेव्ही यांनी क्वेबेकचे सहकार-प्रवर्तक अल्फोन्स देजार्दें यांना बोलावून घेतले आणि धर्मग्रामस्थांची पतपेढी काढली. अमेरिकेतील ती पहिली पतपेढी. ‘सेंट मेरीज बँक’ या नावाने ती आजही चालू आहे.

मात्र ज्या देशात अशी पतपेढी निघाली त्याच देशात, जिथे ठेवी गोळा होतात तिथल्या लोकांना कर्ज नाकारले जाऊ नये म्हणून १९७७ साली संसदेला कायदा करावा लागला. ‘कम्युनिटी रिइन्व्हेस्टमेंट ॲक्ट’ हे त्याचे नाव. आपण त्याला सामुदायिक पुनर्गुंतवणूक कायदा म्हणू. या कायद्याची नियमावली कालमानानुसार कशी बदलावी, यावरून त्या देशात गेली काही वर्षे मोठा वाद चालला आहे. वाद बँकांचा असला तरी त्याचे मूळ धर्मग्रामांच्या सभागृहांत आहे, आणि म्हणून तो इतिहास वाचकांपुढे ठेवावा असे आम्हाला वाटते.

नकाशावरील रंग

१९२९च्या मंदीनंतर अमेरिकेत लक्षावधी कुटुंबांची गहाण पडलेली घरे लिलावात निघू लागली. ती वाचवावीत म्हणून १९३३ साली सरकारने एक गृहकर्ज महामंडळ स्थापन केले. त्याने पुष्कळ कुटुंबांचे छप्पर राखले, हे खरे. पण पुढे त्याच महामंडळाने दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे तयार करविले आणि प्रत्येक वस्तीला एक रंग दिला. उत्तम वस्ती हिरवी, त्याखालची निळी, उतरणीला लागलेली पिवळी आणि ‘धोक्याची’ वस्ती लाल. धोका ठरविताना घरांचे वय आणि रस्त्यांची अवस्था तर पाहिली जाईच. शिवाय तिथे राहणारी माणसे कोण, हेही पाहिले जाई. कृष्णवर्णीयांची वस्ती जवळपास नेहमीच लाल असे. नुकत्याच आलेल्या इटालियन, पोलिश व ज्यू कुटुंबांच्या वस्त्यांनाही अनेकदा खालचाच रंग मिळे.

ते नकाशे प्रत्यक्षात किती वापरले गेले याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. परंतु १९३४ साली स्थापन झालेल्या संघराज्य गृहनिर्माण प्रशासनाबद्दल तशी शंका उरत नाही. गृहकर्जाला सरकारी विमा देणारी ही संस्था. ‘विसंगत’ वंशाचे लोक वस्तीत आले की घरांची किंमत पडते, असे तिच्या नियमपुस्तकातच छापलेले होते. विमा नाही म्हणून बँकेचे कर्ज नाही. कर्ज नाही म्हणून डागडुजी नाही, खरेदीदार नाही. आणि मग वस्ती खरोखरच खालावते. रंग लावणाऱ्याला म्हणता येते, ‘पाहा, आमचा अंदाज खरा ठरला!’ पुढे शिकागोच्या कार्यकर्त्यांनी या व्यवहाराला ‘रेडलायनिंग’, म्हणजे लाल रेघ ओढणे, असे नाव दिले.

लॉन्डेलचे धर्मग्राम

लाल रेघेच्या आत राहणाऱ्या माणसाने घर घ्यायचे तरी कसे? शिकागोच्या पश्चिमेकडील लॉन्डेल भागात त्याचे उत्तर दलालांनी शोधून ठेवले होते. गोऱ्या कुटुंबाला घाबरवून त्याचे घर स्वस्तात घ्यावे आणि बँकेने परत पाठविलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबाला ते दुपटीने विकावे. विक्री हप्त्याच्या कराराने होई. शेवटचा हप्ता फिटेपर्यंत घर विकणाऱ्याच्याच नावावर राही, आणि एक हप्ता चुकला तरी भरलेले सारे पैसे व घर दोन्ही गमावण्याची पाळी येई. क्लाइड रॉस हे मिसिसिपीतून आलेले गृहस्थ. त्यांनी १९६१ साली २७,५०० डॉलरला घर घेतले. विकणाऱ्याने तेच घर सहा महिन्यांपूर्वी १२,००० डॉलरला घेतले होते.

याच लॉन्डेलमधील प्रेझेंटेशन धर्मग्रामाचा कारभार १९६६ साली मोन्सिनियर जॉन ईगन यांच्याकडे आला. पुढच्या वर्षी जॅक मॅकनमारा नावाचा येशूसंघीय तरुण, अजून गुरुदीक्षा न झालेला, काही महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना घेऊन तिथे राहावयास आला. या मुलांनी केलेले काम मोठे रूक्ष होते. सरकारी दप्तरात बसून कोणते घर कोणी केव्हा केवढ्याला घेतले आणि मग केवढ्याला विकले, एवढेच त्यांनी उतरवून काढले. आकडे समोर आल्यावर मात्र वस्तीतील माणसांच्या मनातला संकोच गेला. आजवर प्रत्येक जण समजत होता की आपणच एकटे फसलो. घरच्यांना सांगायचीही लाज वाटत होती. धर्मग्रामाच्या सभेत शेजारी शेजाऱ्याचा करार वाचू लागला आणि फसवणूक वैयक्तिक नसून पद्धतशीर आहे हे सर्वांना कळले. १९६८ साली करार-खरेदीदारांचा संघ उभा राहिला आणि वर्षअखेर शेकडो कुटुंबांनी हप्ते रोखून धरले. काहींना घराबाहेर काढण्यात आले. शेजाऱ्यांनी सामान उचलून पुन्हा आत नेले. न्यायालयात संघाला अखेर यश आले नाही. तरीही शेकडो करार नव्याने झाले आणि घरे वाजवी किमतीला लोकांच्या नावावर लागली.

येथे एक कटू सत्य सांगितल्यावाचून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. याच शहरात १९६६च्या ऑगस्ट महिन्यात डॉ. मार्टिन ल्यूथर किंग खुल्या घरविक्रीच्या मागणीसाठी मोर्चा घेऊन निघाले असता मार्केट पार्क भागात त्यांच्या डोक्याला दगड लागला. त्या मोर्च्यात धर्मगुरू व धर्मभगिनी होत्या. दगड मारणाऱ्या जमावातही कॅथॉलिक होते. कित्येक गोऱ्या कॅथॉलिक कुटुंबांना धर्मग्रामाची सीमा ही आपल्या घराची भिंत वाटे. चर्च, शाळा, सभागृह सारे त्यांनी पै-पै जमवून बांधलेले. ते सोडून जाणे म्हणजे आयुष्याची कमाई सोडून जाणे होते. त्यांच्या या भीतीवरच दलालांचा धंदा चालला होता. रेघेच्या एका बाजूचा माणूस कर्जाविना लुबाडला जात होता आणि दुसऱ्या बाजूचा भीतीपोटी घर फुंकून टाकीत होता. दोघांच्याही ठेवी मात्र बँकेत सुरक्षित होत्या आणि त्या भलत्याच उपनगरांतील नव्या बंगल्यांना कर्जरूपाने जात होत्या.

एका गृहिणीची वही

ही गोष्ट ज्यांनी नेमकी हेरली त्यांत शिकागोच्याच ऑस्टिन भागातील गेल सिन्कोटा यांचे नाव प्रथम घ्यावे लागेल. सहा मुलांची ही आई मुलांच्या शाळेतील पालकसंघातून सार्वजनिक कामात आली. शाळा का खालावते याचा शोध घेता घेता ती बँकेच्या दारापर्यंत पोहोचली. आमची बचत तुमच्याकडे आहे, मग आमच्या वस्तीत कर्ज किती दिले ते दाखवा, एवढीच तिची मागणी. बँका दाखवीनात, कारण दाखविण्याची सक्ती नव्हती. तेव्हा काही नागरिकांनी लाल रेघेला उत्तर म्हणून ‘हिरवी रेघ’ काढली. जी बँक आमच्या भागात कर्ज देण्याचे वचन देईल तिच्याकडेच आमच्या ठेवी राहतील, असे त्यांनी जाहीर केले. १९७२ साली सिन्कोटा व त्यांच्या सहकाऱ्यांनी देशभरच्या वस्ती-संघटनांना एकत्र आणले.

वॉशिंग्टनमध्ये या लोकांची बाजू मांडणाऱ्यांत फादर जिनो बरोनी हे होते. पेनसिल्व्हेनियातील इटालियन खाणकामगाराचा हा मुलगा. १९६३च्या वॉशिंग्टन मोर्च्यात कॅथॉलिकांच्या सहभागाची जुळणी त्यांनीच केली होती. कृष्णवर्णीयांची वस्ती आणि गोऱ्या कामगारांची वस्ती या दोघांनाही तीच बँक आणि तेच सरकारी धोरण नाडते आहे, म्हणून त्यांनी एकमेकांशी भांडण्याऐवजी एकत्र यावे, हा त्यांचा ध्यास होता. १९७७ साली राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी त्यांना गृहनिर्माण खात्यात सहायक सचिव नेमले.

लोकांच्या रेट्याने दोन कायदे झाले. विस्कॉन्सिनचे सिनेटर विल्यम प्रॉक्समायर या दोहोंचे शिल्पकार. १९७५च्या अखेरीस झालेल्या पहिल्या कायद्याने कोणत्या वस्तीत किती गृहकर्ज दिले ते जाहीर करणे बँकांना भाग पडले. दुसरा १२ ऑक्टोबर १९७७चा सामुदायिक पुनर्गुंतवणूक कायदा. पहिल्याने हिशेब उघडा केला. दुसऱ्याने त्या हिशेबाला अर्थ दिला.

कायदा काय सांगतो

हा कायदा आकाराने लहान आहे. त्यात टक्केवारी नाही, ‘अमुक इतके कर्ज द्याच’ अशी सक्तीही नाही. बँकेला राज्याकडून परवाना मिळतो, ठेवींना सरकारी विमा मिळतो. त्याच्या बदल्यात ज्या भागात ती व्यवसाय करते त्या भागाच्या, गरीब वस्त्यांसह, कर्जाच्या गरजा भागविण्यास साहाय्य करणे हे तिचे सततचे कर्तव्य होय, असे तो म्हणतो. हे सारे बँकेचा पाया न डळमळू देता करावयाचे आहे. पर्यवेक्षकांनी बँकेची तपासणी करावी आणि बँकेने नवी शाखा वा दुसऱ्या बँकेशी विलीनीकरण यांची परवानगी मागितली की तिचा हा लेखाजोखा विचारात घ्यावा. लोकांना आपले म्हणणे मांडण्याचा अधिकार आला तो याच टप्प्यावर.

कर्जाची शिस्त आणि गरिबाची पत या दोन गोष्टी एकमेकींच्या वैरिणी आहेत, असे तेव्हा बहुतेक बँकांचे म्हणणे होते. शिकागोच्या साउथ शोअर बँकेचे रोनाल्ड ग्रझिविन्स्की यांनी मात्र सिनेटपुढे कायद्याच्या बाजूने साक्ष दिली, आणि त्यांच्या बँकेने अनेक वर्षे ते करून दाखविले. २०१०च्या ऑगस्टमध्ये, घरबाजार कोसळल्यानंतरच्या काळात, ती बँकही बुडाली. चांगला हेतू हिशेबातली खोट भरून काढीत नाही, हेही यातून शिकण्याजोगे आहे.

नियमांची फेरमांडणी

पहिली दहा वर्षे कायदा बव्हंशी कागदावर राहिला. बँकांनी सभा घेतल्याची टिपणे ठेवावीत, पत्रके वाटावीत आणि तपासनिसाने मान डोलवावी असा प्रकार होता. १९८८ साली अटलांटाच्या एका वृत्तपत्रात बिल डेडमन यांची लेखमाला आली. समान उत्पन्न असूनही गोऱ्यांना कृष्णवर्णीयांच्या सुमारे पाचपट गृहकर्जे मिळतात, हे तिने बँकांच्याच जाहीर आकड्यांवरून दाखविले. १९८९ साली फेडरल रिझर्व्हने या कायद्याच्या आधारे प्रथमच एका बँकेचा विस्ताराचा अर्ज फेटाळला, आणि त्याच वर्षी संसदेने ठरविले की बँकांना दिलेले शेरे यापुढे गुप्त राहणार नाहीत. ‘उत्कृष्ट’, ‘समाधानकारक’, ‘सुधारणेची गरज’ आणि ‘ठळक उल्लंघन’ असे ते चार शेरे.

१९९५ साली नियमावली मुळापासून नव्याने लिहिली गेली. सभा किती घेतल्या हे न पाहता कर्ज किती दिले, गुंतवणूक कोठे केली आणि सेवा कोणाला मिळाली, या तीन कसोट्यांवर मोठ्या बँका जोखल्या जाऊ लागल्या. निम्मे वजन कर्जाला. लहान बँकांना सोपी तपासणी. २००५ साली मधल्या आकाराच्या बँकांसाठी वेगळा वर्ग आला.

२००८च्या अरिष्टानंतर या कायद्यावर मोठा आळ आला. गरिबांना कर्ज द्यायला लावले म्हणून बँका बुडाल्या, असे म्हटले गेले. आकडे तसे सांगत नाहीत. फेडरल रिझर्व्हच्या अभ्यासाप्रमाणे २००६ सालच्या चढ्या व्याजाच्या गृहकर्जांपैकी केवळ ६ टक्के कर्जे या कायद्याखालील संस्थांनी आपल्या कार्यक्षेत्रात अल्प उत्पन्नाच्या कर्जदारांना वा वस्त्यांत दिलेली होती. २०११ साली चौकशी आयोगानेही हा कायदा अरिष्टाचे महत्त्वाचे कारण नसल्याचा निष्कर्ष काढला. वास्तविक ज्या वस्त्यांना एकेकाळी कर्ज नाकारले जाई, त्याच वस्त्यांच्या गळ्यात महागडी कर्जे घालण्यात आली होती, आणि ती देणाऱ्यांत या कायद्याच्या कक्षेबाहेरच्या कंपन्या पुष्कळ होत्या.

शाखा नसलेली बँक

आज या नियमांपुढे उभा असलेला प्रश्न वेगळाच आहे. १९७७चा कायदा ‘स्थानिक समाजा’विषयी बोलतो, आणि १९९५च्या नियमांत बँकेचे स्थान ठरते ते मुख्यतः तिच्या शाखेवरून. शाखा ज्या वस्तीत, त्या वस्तीची जबाबदारी. पण आता बँक खिशातल्या फोनमध्ये आली. एखादी बँक एका शहरात कार्यालय थाटून देशभरातून ठेवी घेते, देशभर कर्ज देते, आणि तपासली जाते फक्त त्या एका शहरापुरती! मग ‘जिथली ठेव, तिथे कर्ज’ या न्यायाचे काय?

तीन पर्यवेक्षक संस्थांपैकी एकीने २०२० साली एकटीनेच नवे नियम केले. इतर दोघी सोबत आल्या नाहीत आणि २०२१च्या डिसेंबरमध्ये ते मागे घ्यावे लागले. पुढे तिघींनी मिळून २४ ऑक्टोबर २०२३ रोजी नवी नियमावली मंजूर केली. जिथे शाखा नाही, परंतु गृहकर्जे वा लहान व्यवसायांची कर्जे मोठ्या संख्येने दिली जातात, त्या भागांतही मोठ्या बँकांची तपासणी व्हावी, हा तिचा गाभा होता. बँकांच्या संघटना टेक्ससच्या संघीय न्यायालयात गेल्या. ‘स्थानिक समाज’ म्हणजे शाखांच्या आसपासचा समाज, त्यापलीकडे जाण्याचा अधिकार कायद्याने दिलेला नाही, असा त्यांचा युक्तिवाद. मार्च २०२४ मध्ये न्यायालयाने नव्या नियमांना तात्पुरती स्थगिती दिली. सरकार बदलल्यानंतर, जुलै २०२५ मध्ये, तिन्ही संस्थांनी २०२३चे नियम रद्द करून १९९५ची चौकट पुन्हा आणण्याचा प्रस्ताव मांडला.

बँकांचे म्हणणे सर्वस्वी टाकाऊ आहे असे आम्ही म्हणणार नाही. हजारावर पानांची नियमावली लहान गावातल्या बँकेला झेपत नाही, हे खरे. उलट जुन्या नियमांखाली शंभरांतील पंचाण्णवहून अधिक बँका ‘समाधानकारक’ किंवा त्याहून वरचा शेरा मिळवितात. ज्या परीक्षेत सारेच उत्तीर्ण होतात ती परीक्षा काय कामाची, असे लोक विचारतात. गरीब वस्तीत घर घेणाऱ्या सधन माणसाला दिलेले कर्जही कित्येकदा बँकेच्या पदरी पुण्य म्हणून जमा होते, आणि मूळचा रहिवासी भाडे परवडेनासे होऊन तेथून उठतो. शिवाय गृहकर्ज देणाऱ्या बँकेतर कंपन्यांचा व्यवसाय आता फार मोठा झाला आहे. त्यांना हा कायदा लागूच नाही.

वही कोण उघडणार?

येथे एक योगायोग नोंदवावासा वाटतो. त्याच १९७७ साली, जानेवारीत, आपल्या रिझर्व्ह बँकेनेही एक नियम केला होता. जिथे बँक आहे अशा ठिकाणी एक शाखा काढावयाची तर जिथे बँक नाही अशा चार ठिकाणी आधी शाखा काढाव्यात, असा तो नियम. १९९० पर्यंत तो चालला. आपण टक्केवारीचा मार्ग घेतला. व्यापारी बँकांनी ४० टक्के कर्ज अग्रक्रम क्षेत्राला द्यावे आणि त्यात दुर्बल घटकांचा वाटा असावा असे ठरविले. या दुर्बल घटकांत अल्पसंख्याक समाज, म्हणजे आपणही, मोडतो. अमेरिकेने तपासणीचा मार्ग घेतला. दोन्ही मार्गांचा उगम एकाच जाणिवेत आहे: पैसा आपण होऊन उताराकडे वाहतो, चढावावरच्या शेताला पाणी न्यावयाचे तर पाट काढावा लागतो.

पण नुसता पाट काढून भागत नाही, त्यातला गाळ दरसाल उपसावा लागतो. या अर्धशतकाच्या इतिहासातून आम्हाला दिसते ते हेच. कायदा झाला तो दप्तरातील आकडे उतरवून काढणाऱ्या मुलांमुळे आणि बँकेला हिशेब विचारणाऱ्या एका आईमुळे. त्यात जीव आला तो कोणी आकडे पुन्हा तपासले तेव्हा, आणि लोकांचे लक्ष उडाले तेव्हा तो कागद झाला. २०२३चे नियम चांगले की १९९५चे, हा वाद न्यायालये आणि सरकारे सोडवतील. लॉन्डेलच्या सभागृहात शेजाऱ्याचा करार वाचणारी माणसे मात्र कोणत्याही नियमावलीने निर्माण होत नाहीत.

आपल्याही पतपेढ्यांच्या वार्षिक सभा होतात. अहवाल येतो, लाभांश जाहीर होतो, अल्पोपाहारानंतर आपण घरी जातो. आपल्या ठेवींतून यंदा कोणाचे घर उभे राहिले, आणि कोण जामीनदार मिळाला नाही म्हणून दारातून परत गेला, हे विचारण्यासाठी पुढच्या सभेत आपल्यापैकी एकाने तरी हात वर करावा.